रेणापूरचे खेकडे

“अप्पा, घागर सरळ धरा. खेकडं सांडतील!”

“तूच धर की, सुलतानबी. एकानं आंगठा धरलाय माझा, सोडून न्हाई राहिला.”

रेणापूरच्या बाजारातून आणलेले खेकडे गावच्या ओढ्यात सोडायचं काम चाललं होतं. लातूर जिल्हा नवा झाला होता. दुष्काळ मात्र जुनाच, उस्मानाबादेकडून वाटणीत आलेला. ऊन असं, की शिवमूर्तीच्या म्हशीला आरशात पाणी दिसलं आणि तिनं चाटून चाटून त्याचा पारा काढला. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

सुलतानबी ओढ्याकाठच्या शिंदीच्या पानांचे फडे बांधायची. तिची सासू बांधायची, सासूची सासूही. निम्म्या लातूरचा केर या घरानं काढला, असं म्हणायला हरकत नाही. आठवड्यापूर्वी मोजणीचे साहेब आले. डोंगरमाथ्यापासून खालपर्यंत कोणता ओढा दुष्काळात तगला, कोणता मेला, याचा नकाशा ते करत होते.

“ओढ्यात जीव असला तर काठ राखतील, बाई. नसला तर नवा रस्ता इथूनच जाईल.”

“कसला जीव, सायेब?”

“पाणी, खेकडे, गोगलगाई. आठवड्यानं परत येऊन बघतो.”

ओढ्यात तेव्हा फक्त एक तुटकी चप्पल होती.

मग किराणा दुकानदार रेवणप्पांनी, म्हणजे अप्पांनी, युक्ती काढली. डोहाच्या तळाला चिखल थापला. टँकर आला की घरटी एक घागर डोहात. शेजारच्या लक्ष्मम्मानं तर सुनेला न विचारता हंडाच ओतला. शिंदीसाठी एवढं पाणी सोडणारं गाव पृथ्वीवर दुसरं नसेल.

साहेब आले. डोह बघून थबकले.

“हे पाणी कुठलं?”

“बारमाही हाय, सायेब,” रेवणप्पा म्हणाले. “माझ्या आज्याची घोडी हितंच वाहून गेली ती थेट बिलोलीला निघाली. खोगिरासकट.”

साहेब हसले. मग दगडाखालून खेकडा तिरका निघाला, तेव्हा हसू थांबवून त्याच्यापुढे उकिडवेच बसले. नकाशावर निळ्या पेन्सिलीची रेघ उमटली. गावानं गूळ वाटला.

पुढच्या आठवड्यात टँकर आला नाही. कचेरीचा निरोप आला: बारमाही ओढ्याच्या गावाला टँकर कशाला?

डोह तोवर आटला होता. खेकडे म्हणे रेणापूरच्या वाटेनं चालत गेले. लक्ष्मम्माची सून दिवस भरलेली. लांबच्या विहिरीवरून घागर आणताना वाटेत बसली ती उठेना. चौघींनी उचलून आणली. तिच्या ओठांना लावायला सुलतानबीनं घरातला माठ वाकडा केला. वाटीभर पाणी निघालं.

“अप्पा, मी लातूरला चालले. खरं सांगून येते.”

“येडी का काय? शिंदी जाईल तुझी. थांब जरा, मी काही तरी बोलतो.”

“नक्को. तुमी बोललात तेवढं बस झालं.”

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. नकाशा उलगडला.

“पण बाई, खेकडे तर मी डोळ्यांनी पाहिले.”

“खेकडं खरेच व्हते, सायेब. त्येंचं गाव तेवढं रेणापूर व्हतं.”

साहेबांना हसू आलं नाही. “ही रेघ पुसली तर टँकर सुरू होईल. पण शिंदी राहणार नाही. कळतंय ना?”

“हाव.”

“मग काय करू?”

सुलतानबीनं नकाशाकडे पाहिलं. एवढा मोठा ओढा, करंगळीएवढा दिसत होता.

“पुसा.”

खोडरबराचा निळा चुरा टेबलावरून फरशीवर पडला. साहेबांना द्यायला बांधून आणलेला नवा फडा तिनं पिशवीतून काढला, खाली बसली आणि चुरा हलक्या हातानं झाडून गोळा केला. फडा भिंतीला टेकवून ठेवला. चुरा बाहेर टाकायला म्हणून उठली आणि तशीच मूठ मिटून जिना उतरली.