पाकिटातला कॅप्टन

माझ्या नवऱ्याने, म्हणजे सागरने, माझी कादंबरी तीन वर्षांत तीनदा वाचली होती. अभिप्राय दरवेळी एकच: "मस्त आहे गं, यशश्री. फ्लो आहे." मीही खुळी, त्या फ्लोवर तरंगत पुढचं लिहीत राहिले.

कादंबरी दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली. बग्ग्या, नाचाचे दिवाणखाने, फ्रेंचांशी युद्ध आणि एका सरदाराच्या बायकोवर जीव जडलेला हेर, कॅप्टन एडवर्ड. इथे आखातात, कुरुमच्या फ्लॅटमध्ये एसी सोळावर ठेवून मी लंडनचं धुकं लिहिलं. हसायचं त्यांनी हसावं. पुण्याच्या एका प्रकाशकांची स्पर्धा होती: प्रत कागदावर, कुठेही लेखकाचं नाव नको, सोमवारच्या आत. माझा सगळा जीव त्या गठ्ठ्यात होता.

सागरच्या गावचे एकनाथकाका सहम नावाच्या इथल्याच एका गावात एसी दुरुस्तीचं काम करतात. ते शनिवारच्या विमानाने मुंबईमार्गे पुण्याला लेकीकडे निघाले होते. इथला रिवाज असा की गावी जाणाऱ्याच्या हाती पाकीट उघडं द्यायचं; त्याने आत हात घालून बघायचं, मग टेप लावायची. मी पडले मोठी लेखिका! कोणी डोकावू नये म्हणून घरीच तीन पदरी टेप मारली, वर 'खाजगी' लिहिलं आणि शुक्रवारी सकाळी पाकीट काकांना दिलं.

दुपारी काका पाकीट घेऊन परत हजर. फोन त्यांनी सागरला केला होता, मला नाही. माझ्याकडे न बघता ते सोफ्याच्या कडेवर टेकले.

"रागावू नको, सागर. बंद पाकीट विमानात कसा नेणार? उघडून बघितलं. हे वाच."

सागरने पहिलं पान मोठ्याने वाचलं. "'गुरुवारी बंदरावर ये. नकाशा माझ्या कोटाच्या अस्तरात शिवलाय. नवऱ्याला सुगावा लागू देऊ नकोस. तुझाच, ई.'"

"नकाशे-बिकाशे कोणी बघितले तर आपण खलास," काका कुजबुजले.

सागर पांढराफटक पडला. "यशश्री, हा ई कोण?"

कादंबरीचं पहिलं पान. तीनदा वाचलेल्या कादंबरीचं.

"तूच सांग," मी म्हटलं. "फ्लो होता ना?"

त्याच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत आत चहा उतू गेला. "अगं, मी जरा वरवर..." मला रडू आलं, आणि राग त्याहून जास्त. याच्या एका 'मस्त'वर मी तीन वर्षं काढली होती.

"कादंबरी आहे हो काका," मी म्हटलं. "ई म्हणजे एडवर्ड. खोटं वाटत असेल तर दुसरं पान वाचा."

काकांनी चष्मा लावला. खात्री करायला दुसरं पान वाचलं, मग तिसरं. चहा निवला. बाराव्या पानावर त्यांनी मान वर केली.

"हा मेला पकडला जातो काय गो?"

"सत्ताविसाव्या प्रकरणात..."

"सांगू नको! विमानात वाचतंय मी."

त्यांनी पानं नीट लावून पाकिटात घातली. मी टेप पुढे केली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पुण्यात लावीन."

ते गेल्यावर सागर बराच वेळ दाराशी घुटमळला.

"त्यातल्या नवऱ्याचं शेवटी काय होतं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्याला सगळ्यांच्या शेवटी कळतं."