काशीनाथशेठची पेटी

दचकू नका, मागे कुणी उभं नाही. मीच बोलतेय, शवपेटी. मयत ठेवायची थंड पेटी. वर काचेचं झाकण, खाली घरघरणारं मशीन, बाजूला लांबलचक वायर. माझं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात. करा बापडे! मी जी तोंडं पाहिलीत ती तुम्ही पाहिली असती, तर तुमचीही जीभ माझ्याइतकीच कडू झाली असती.

जन्म माझा भाईंदर पूर्वेचा, स्टीलच्या कारखान्यांच्या गल्लीतला. आजूबाजूला टोप, डबे, पराती बनायच्या. माझ्याबरोबरचे पत्रे लग्नाच्या आहेरात गेले आणि मी गेले मयताला. नशीब एकेकाचं.

मला बनवून घेतलं काशीनाथशेठने. मीरा रोडला फ्लॅटची दलाली करून गब्बर झालेला माणूस. दोन हजार सातची महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि शेठला नगरसेवक व्हायची खाज सुटली होती. कारखानदाराला म्हणाला, "मशीन कुठलंही टाक, चालेल. नाव ठळक पाहिजे." मग माझ्या दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत रंगवलं, 'काशीनाथशेठ यांच्या सौजन्याने'. आत कोण आहे ते बघायला वाकावं लागायचं, पण शेठचं नाव पार नाक्यावरून वाचता यायचं.

त्याचं एक तत्त्वज्ञान होतं. कार्यकर्त्यांना बसवून सांगायचा, "लग्नाला शेकडो माणसं येतात रे, कोण आलं कोण नाही कुणाला आठवतंय? पण मयताला आलेला माणूस घरचे जन्मभर विसरत नाहीत. आपला प्रचार स्मशानातून." आणि सगळे माना डोलवायचे. काय ती अक्कल! जिवंत माणसाचं मत मागायला मेलेल्याच्या दारात जायचं, आणि वर त्याला समाजसेवा म्हणायचं.

शेठच्या ऑफिसबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असायचे. फोन आला की त्याचा खास माणूस सूरज धावत यायचा. "शेठ, एक डेथ आहे." शेठचा पहिला सवाल, "आपल्या वॉर्डातली का?" दुसरा, "घरात मतं किती?" कोण गेलं हे विचारायची वेळ टेम्पोत बसल्यावर यायची. निघताना गुटखा थुंकून खळखळून चूळ भरायचा आणि सूरजला म्हणायचा, "चल, चेहरा पाड."

खांदा मात्र न चुकता द्यायचा, अगदी पुढचा. पण तोही हद्द बघून. त्याचा वॉर्ड देवळाजवळच्या वळणावर संपायचा. तिरडी वळणावर आली की शेठचा खांदा दुखायला लागायचा, मोबाईल वाजायचा, आणि स्वारी हात जोडून मागे व्हायची. पलीकडे मतंच नव्हती, तर चालून करायचंय काय? त्याला वाटायचं, दुःखात कोण बघतंय. अहो, दुःखात माणूस खाली मान घालून सगळं बघत असतो.

लोकही काही कमी नव्हते म्हणा. घरात बाप गेलेला, आणि पाहुणे माझ्याभोवती. "एसी आहे का हो हिच्यात?" "लाइट किती खाते?" एकाने तर काचेत बघून भांग नीट केला. मी तरी कुणाकुणाला काय बोलू!

पुढे आचारसंहिता लागली. निवडणूकवाले आले आणि शेठचं नाव झाकायला लावलं. सूरजने खळ लावून वर्तमानपत्र चिकटवलं. आता नाव दिसेना, तर शेठ स्वतःच माझ्याशेजारी उभा राहायला लागला. एकदा पावसात कागद भिजून सुटला, तेव्हा त्याच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते कुठल्या नवऱ्या मुलाच्या तोंडावरही दिसणार नाही.

त्या शेडमध्ये एक माणूस वरचेवर यायचा. पंढरीनाथ. रत्नागिरीकडचा, पेणकरपाड्यातल्या एका चाळीत राहणारा, सुकलेला म्हातारा. चाळीच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही दिवसाआड. त्याचं एवढंच म्हणणं, शेठनी एकदा येऊन बघावं. आत शेठ टीव्हीवर क्रिकेट बघायचा आणि बाहेर सूरज सांगायचा, "काका, शेठ मीटिंगमध्ये आहेत." म्हातारा माझ्यावर हात टेकून उभा राहायचा. शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती, पण त्यातली एक काढून द्यायचं कुणाला सुचलं नाही. "बरं बाबा, उद्या येतो," म्हणून तो जायचा आणि खरंच उद्या यायचा.

शेठच्या विरोधात उर्मिलाताई उभ्या होत्या, बँकेतून रिटायर झालेल्या. ना भोंगा, ना टेम्पो. संध्याकाळी चाळीत जाऊन ओट्यावर बसायच्या आणि विचारायच्या, पाणी कधी येतं, हंडा कोण भरतं. शेठ हसायचा. "ओट्यावर बसून मतं मिळतात होय? बाई खुळी आहे."

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंढरीनाथ गेला. मतदानाआधीचे काही आठवडे तो अंथरुणालाच खिळून होता, शेडकडे फिरकला नव्हता. त्याला मुलगा नाही. एकुलती एक मुलगी मिनल, तिकडे गावाकडेच दिलेली. अग्नी तीच देणार होती. पण पावसाने घाटात दरड कोसळलेली, गाड्या अडकलेल्या. तिचा फोन आला, "आये, उद्या तिन्हीसांजेपर्यंत पोचते. बाबांना नेऊ नको गो. मला एकदा तोंड बघूदे." तिची आई सुगंधा म्हणाली, "नाय नेत. तू ये." एवढंच एक मागणं होतं त्या दोघींचं, आणि त्यासाठी मला बोलावलं.

निकाल लागायचा होता, म्हणून शेठच्या तोंडात साखर शिल्लक होती. स्वतः आला. "वैनी, काही काळजी करू नका. पंढरीकाका म्हणजे मला वडिलांच्या जागी." मी मनात म्हटलं, वडिलांनाही असाच शेडमध्ये उभा करत असशील मेल्या! पण पंढरीनाथला मी जपून आत घेतलं. त्या रात्री मी मशीनचा आवाजसुद्धा मोठा होऊ दिला नाही. सुगंधा काचेवर हात ठेवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी झाली. दुपारी चाळीच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि सूरज चारजणांना घेऊन आला. नजर वर करेना.

"काकी, शेठनी पेटी मागितलीय."

"दुसऱ्या कुणाकडे लागली का रे?"

"नाही. म्हणजे, तसं नाही." तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला. "हरले ते. तुमच्या चाळीच्या बूथवर तर बोटांवर मोजण्याइतकी मतं पडली. शेठ लय तापलेत."

सुगंधाला आधी कळेचना. "अरे, ते हरले त्यात ह्यांचा काय दोष? ह्यांनी तर मतपण दिलं नाय, झोपून होते. संध्याकाळी माझी मिनल येतेय. तोवर राहूदे. फोन लाव त्यांना, मी बोलते."

सूरजने फोन लावला. शेठचा आवाज फोनमधून चाळभर ऐकू आला. "सांग तिला, जिला मतं दिली तिच्याकडून पेटी मागव! मी काय धर्मशाळा उघडलीय? उचल आणि आण!"

 मला वाटलं, ही बाई आता रडणार, हातापाया पडणार. ती उठली, पदर खोचला आणि भिंतीपाशी जाऊन माझा प्लग स्वतःच्या हाताने काढला.

"घ्या रे ह्यांना बाहेर," ती चाळीतल्या माणसांना म्हणाली. "जिवंत होते तेव्हा त्याने दारात उभं केलं, नि ह्यांनी काय एक वाईट शब्द काढला नाय. मेल्यावर त्याच्या उपकारात कशाला झोपवू? सूरज, सांग तुझ्या शेठला, आमचा माणूस गरीब होता, पण भाड्याचा नव्हता."

असं बोलली खरी, पण आता थंडावा आणायचा कुठून? भादव्यासारखं ऊन पडलं होतं आणि मुलगी अजून खेडच्या पुढे सरकली नव्हती. चटईवर ठेवलेल्या नवऱ्याकडे बघत ती शेजारणींना हळूच म्हणाली, "आता काय करू गो मी?"

तेव्हा दारातली आशा पुढे झाली. किनाऱ्याकडच्या पाली गावची मासेवाली, रोज या चाळीत टोपली घेऊन येणारी. "वयनी, बरफ माज्याकडं हाय. भावाचा टेम्पो नाक्यावर उभा हाय, लाद्या भरल्यान त्याच्यात. पन वयनी, तो मावऱ्याचा बरफ. मासलीचा. मयताला कसा चालंल?"

कुणीतरी म्हातारी पुटपुटली, "शिव शिव!"

सुगंधा म्हणाली, "जन्मभर बांगड्याशिवाय जेवला नाय माझा माणूस. आण तू."

एवढंच मी ऐकलं. मला उचललं, टेम्पोत आडवी टाकली आणि नेलं. माझ्या आत त्या म्हाताऱ्याच्या डोक्याखालची उशी तशीच राहिली होती. मी स्टीलची आहे, मला लाज नसते असं लोक समजतात. त्या दिवशी मला माझ्या अंगावरच्या नावाची किळस आली.

तेव्हापासून मी शेडच्या कोपऱ्यात पडून आहे. आत खळीची डबडी, जुने बॅनर, दोऱ्यांची भेंडोळी. काचेला तडा गेलाय. काशीनाथशेठ अजून सगळ्यांना सांगतो, "लोकं नमकहराम आहेत." कुणी समोर 'हो शेठ' म्हणतं आणि मागे वळून हसतं.

शेडच्या पुढ्यात चहाची टपरी आहे. मध्यंतरी आशा तिथे टोपली उतरवून बसली होती. टपरीवाल्याने विचारलं, "त्या पंढरीकाकांची पोरगी पोचली होती का गं शेवटी?"

"पोचली तर! रातच्याला आली. रातभर लाद्या बदलत व्हतो आमी, आख्खी चाल. कुनी गोनपाट आनला, कुनी भुसा आनला. बापाच्या गालावर गाल ठेवून बसली पोर. म्हनाली, बाबा गार लागतायत, पन बाबाच हायत."

 

आता पुन्हा निवडणुकीचं वारं सुटलंय. काल शेठ पेंटरला घेऊन आला होता. माझ्यावरची धूळ बोटाने पुसून म्हणाला, "काच नवी टाक. आणि नाव या वेळी जरा मोठं काढ." उद्या रंगेन मी, चमकेन, टेम्पोत बसेन. माझं कोण ऐकणार? पण तुम्ही ऐकताय म्हणून हात नसताना हात जोडून सांगते. तुमच्या घरात तशी वेळ आली, आणि दारात मी उभी राहिले, शेजारी पांढऱ्या कपड्यांतला शेठ चेहरा पाडून उभा राहिला, तर मला आत घेऊ नका. तशीच परत पाठवा, आणि चाळीतल्या माणसांना हाक मारा.