तांदळातलं नाव

मी एक परात आहे. पितळेची, चांगली ऐसपैस, कडेला एक पोचा आलेली. परातीपाशी काय सांगण्यासारखं असणार, असं वाटत असेल तर थोडं थांबा. मी टीव्हीवर येऊन गेलेली परात आहे.

मला मुंबईच्या तांबाकाट्यावर, भांड्यांच्या बाजारात, विकत घेतलं जयवंतने. तो डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा आणि स्वतःच्या लग्नासाठी गावी निघाला होता. त्याच्या वळकटीला बांधून घेऊन मी बोटीने कोकणात उतरले. लग्नात ऐन वेळी तांदूळ पसरायला ताट कुणाला सापडेना. मग मलाच पुढे ओढलं. जयवंतला अक्षरं येत नव्हती. भटजींनी त्याचा हात धरला आणि उसन्या अंगठीने माझ्यातल्या तांदळात नवरीचं नवं नाव काढलं, रखमा. सगळ्यांनी वाकून वाचलं. संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला.

नवरीला आधीचं एक नाव होतं. ते त्या दिवसापासून कुणी उच्चारलं नाही.

डिलाईल रोडला आल्यावर रखमा दुपारी माझ्यात तांदूळ निवडायला बसायची. जयवंत पाळीला गेलेला असायचा. खडे काढून झाले की ती तांदूळ हाताने सारखे करायची आणि बोटाने त्यात काहीतरी लिहायची. भावाने तिला थोडी अक्षरं शिकवली होती. तेच आधीचं नाव असायचं. घटकाभर बघायची, मग तळहात फिरवून पुसायची आणि तांदूळ धुवायला उठायची. मला त्याचं फार नवल वाटायचं. रोज लिहायचं आणि रोज आपणच पुसायचं, आणि त्यात रडणं नाही, कुरकुर नाही.

पुढे तिच्या मुलाचं, रामदासचं लग्न झालं. तेव्हा घरात ताटं चिक्कार होती, पण रखमा हटून बसली, तांदूळ परातीतच हवेत. त्या वेळी माझ्यात नाव उमटलं, आनंदी. सून घरात आली. पहिल्याच दुपारी सासूने तिला समोर बसवलं आणि विचारलं, "तुझां आधीचां नाव काय गो?"

सून लाजली. मग तिने ते माझ्यात लिहिलं. रखमाने वाचलं आणि त्याच्याखाली स्वतःचं लिहिलं. दोन नावं एकाखाली एक पडली होती आणि दोघी बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत श्रीमंत दुपार होती.

जयवंत गेला, रखमा गेली, गिरणी गेली, रामदासही गेला. आनंदीबाई म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या मुलाने, राजेशने, भिंतीएवढा टीव्ही आणला आणि दर रविवारी त्या खोलीत 'पणजोबांच्या शोधात' हा कार्यक्रम लागू लागला.

काय तो कार्यक्रम! कुणी नट, कुणी खेळाडू येतो, हातात पांढरे मोजे घालतो, जुन्या कागदावरची आजोबांची सही बघतो आणि कोसळतो. पडद्यावर एक झाड वाढत जातं, फांदीफांदीला एकेक मेलेला माणूस पानासारखा फुटतो. मी ओट्याखालून बघायचे आणि थक्क व्हायचे. शंभर वर्षांपूर्वी राख झालेल्या माणसाचं नाव कुणीतरी मोठ्याने घेतो आणि खोलीभर माणसं नाक पुसतात! राजेश तर उघड रडायचा. माणसाला आपण कुठून आलो याची एवढी ओढ असते हे मला त्या टीव्हीने शिकवलं. फक्त एक कळायचं नाही. ही सगळी परक्याच्या पणजोबांसाठी रडतात आणि शेजारी बसलेल्या आनंदीबाईंना कुणी काही विचारत नाही.

राजेशची मुलगी अपेक्षा मालिकांमध्ये काम करते. यंदा त्या कार्यक्रमाने तिलाच बोलावलं. तिने एकच अट घातली. "पणजोबा दाखवा, पण मला पणजी हवी आहे. आमच्या घरात तिचा फोटोसुद्धा नाही."

त्यांचा अनिश नावाचा हुशार पोरगा शोधाला लागला. राजेशने त्याला जयवंतच्या मागचे पुरुष धडाधड सांगितले. मग अनिश रखमाच्या माहेरच्या गावी जाऊन आला. देवळात, शाळेत, म्हाताऱ्याकोताऱ्यांत, सगळीकडे विचारलं. त्या गावात रखमा नावाची मुलगी कधी जन्मलीच नव्हती.

शूटिंगला सगळे डिलाईल रोडच्या खोलीत जमले. आनंदीबाईंना त्यांनी मागे बसवलं होतं, तांदूळ निवडायला. घर जिवंत दिसतं म्हणे त्याने. तशी मी त्यांच्या मांडीपाशी होते. अपेक्षा खाटेवर बसली, दिवे लागले आणि अनिश हळू आवाजात बोलू लागला.

"अपेक्षा, तुमच्या पणजींच्या गावात त्यांची काहीच खूण मिळत नाही. जन्म नाही, आईवडील नाहीत. आमचा अंदाज असा, की त्या अनाथ असाव्यात. कुणीतरी सांभाळलेल्या."

अपेक्षाचे डोळे भरले. कॅमेरा पुढे सरकला. माझ्यात फिरणारी आनंदीबाईंची बोटं थांबली.

"माझी सासू अनाथ नव्हती," त्या म्हणाल्या.

"आई, शूटिंग चाललंय ना," राजेश पुटपुटला. "नंतर बोल."

"नंतर कधी? सगळ्या मुलखाक सांगतलास, तिका कोण नव्हता म्हणून? सात भावंडां होती तिका. रखमा ता लग्नातला नाव. थंय गावात रखमा मेळतलीच कशी?"

अनिशने कपाळाला हात लावला. त्याच्या स्वतःच्या आईचंही नाव लग्नात बदललेलं असणार, पण एवढ्या शोधात ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. ना राजेशच्या, ना अपेक्षाच्या.

"आजी," अपेक्षा खाटेवरून खाली उतरून आली, "मग तिचं नाव काय गं?"

आनंदीबाईंनी माझ्यातले तांदूळ सारखे केले. मग त्यांनी लिहिलं, मथुरा. किती वर्षांनी ते नाव माझ्या अंगावर उमटत होतं! पितळेला काटा येत नाही म्हणून, नाहीतर आला असता. अपेक्षाने ते ओठांतल्या ओठांत वाचलं. आणि आनंदीबाईंनी, सासूने शिकवलेल्या सवयीने, तळहात फिरवून ते पुसून टाकलं.

"आजी, सॉरी," अनिश म्हणाला, "कॅमेरा ताईंवर होता. परत एकदा लिहाल?"

आनंदीबाईंनी नातीकडे पाहिलं. "आता तू लिही."

अपेक्षाने लिहिलं, मोठ्या ठसठशीत अक्षरांत. आजीचा हात पुन्हा पुसायला पुढे आला तेव्हा तिने तो मनगटाला धरला. "राहू दे, आजी. तिला राहू दे." त्या दिवशी घरात त्या तांदळाचा भात झाला नाही. संध्याकाळपर्यंत मथुरा माझ्यात होती, आणि येणारा जाणारा वाकून तिला बघून जात होता.

रविवारी टीव्हीवर झाड वाढलं आणि जयवंतच्या शेजारी नवं पान फुटलं, मथुरा. अख्खी चाळ टाळ्या वाजवत होती. आनंदीबाई उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि त्या नावासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. असं दृश्य बघायला मिळालं म्हणून मी तांबटाच्या हातोडीचे सगळे घाव विसरले.

आता मी अपेक्षाच्या गोरेगावच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात असते. मला घासूनपुसून ठेवलंय, वर दिवा सोडलाय. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि मथुराची गोष्ट ऐकून हळहळतात. माझी तक्रार नाही. एवढीच विनंती आहे, की मला एकदा खाली काढा, डिलाईल रोडला न्या आणि माझ्यात मूठभर तांदूळ घाला.

कारण त्या झाडावर रामदासच्या शेजारी अजून 'आनंदी' असंच लिहिलंय. तिचं आधीचं नाव मला ठाऊक आहे. माझ्याच अंगावर तिने ते लिहिलं होतं. पण मला विचारू नका. ती अजून आहे, तिलाच विचारा.