परीक्षेसाठी राखून ठेवलेली मुलगी

वॉर्डात त्याला सगळे टॉपर म्हणायचे. ते ऐकून तो लाजल्यासारखं करायचा. लाजायचा मात्र नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या आजारांचं आणि कॅन्सरचं जाडजूड पुस्तक त्याला तळटीपांसकट पाठ होतं. कुठला तक्ता कितव्या पानावर आहे, हे झोपेतून उठवून विचारा, सांगणार. आता ते आजार ज्यांना होतात ती पोरं रडतात, लाथा झाडतात, भर राउंडमध्ये डॉक्टरच्या एप्रनवर उलटी करतात, हे काही तळटीपांत नव्हतं. पण तेवढ्यावाचून कुणाचा पहिला नंबर अडलाय का?

विभागाचे प्रमुख म्हणजे मोठे सर. त्यांच्या मागून राउंडला वीस विद्यार्थी निघायचे आणि टॉपर सगळ्यांत पुढे, सरांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. सरांनी चष्मा काढला की हा पुसायला रुमाल काढणार. बाकीची पोरं मागे कुजबुजायची, दात काढायची. टॉपरला ऐकू यायचं, पण अंगाला लावून घ्यायचा नाही. शेवटच्या वर्षाचं सुवर्णपदक सरांच्या हातात होतं, आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी, एवढं त्याला पुस्तक न उघडताही कळत होतं.

त्या वॉर्डात खरं शिकवायची एक नऊ वर्षांची मुलगी. सहा महिन्यांची असल्यापासून तिला थॅलेसेमिया. अंगात धड रक्त तयारच होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवायचं. त्या आजारात प्लीहा वाढते, डाव्या बरगड्यांखाली हाताला लागते, आणि हाताला लागणारी प्लीहा म्हणजे विद्यार्थ्यांना पर्वणी. आजवर शे-दीडशे तरी हात त्या पोटावरून फिरून गेले असतील. त्यामुळे पोरगी तयार झालेली. वॉर्डानं तिचं नाव ठेवलं होतं मास्तरीण.

"आधी हात चोळा. गार आहेत," ती नव्या विद्यार्थ्याला सांगायची. "अहो, इथून नाही. खालून, उजवीकडून सुरुवात करायची. आणि मी श्वास घेतला की मग दाबायचं. तुम्हाला कुणी शिकवलंच नाही का?"

टॉपरनं पहिल्यांदा तपासलं तेव्हा तिनं त्याला दहापैकी चार दिले होते. "पुस्तकातलं सगळं बोललात, पण तुमचा हात माझ्याकडे बघतच नव्हता," म्हणाली. सगळा वॉर्ड हसला. टॉपरही हसला, आणि संध्याकाळी चिडून प्लीहेवरचं प्रकरण आणखी दोनदा वाचून काढलं.

तर परीक्षा जवळ आली. प्रात्यक्षिक परीक्षेला खरे रुग्ण लागतात, त्यांना 'केस' म्हणतात. केस जमवायचं काम सरांनी टॉपरवर सोपवलं. आता ज्याची परीक्षा त्यानंच प्रश्नपत्रिका जमवायची, असा हा न्याय, पण विचारतो कोण! टॉपर नुसता फुगून गेला. वहीत यादी केली: ल्युकेमियाचा एक मुलगा, सांधे सुजलेला हिमोफिलियाचा एक, आणि सगळ्यांच्या वर मास्तरीण.

यादी बघून सर म्हणाले, "हिची रक्ताची तारीख कधी?"

"येत्या सोमवारी, सर. परीक्षा त्याच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी."

सरांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "म्हणजे परीक्षेपर्यंत पोरगी गुलाबी होऊन बसणार. मग तुम्ही दाखवणार काय, गाल? बाहेरून परीक्षक येतात, त्यांना जरा फिकट केस बरी वाटते. रक्त गुरुवारी परीक्षा झाल्यावर द्या. दहा दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही."

पुस्तकात अमुक आकड्याच्या खाली हिमोग्लोबिन जाऊ देऊ नये, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. टॉपरला पान आठवलं, तक्ताही आठवला. तो म्हणाला, "हो सर."

सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला मास्तरीण आणि तिची आई दारात हजर. आई शिवणकाम करायची. तारखेच्या आदल्या दिवशी उशिरापर्यंत मशीन चालवून सगळे कपडे पोचते करायची, म्हणजे दुसरा दिवस मोकळा. इतक्या वर्षांत एक तारीख चुकवली नव्हती बाईनं. टॉपर त्यांना दारातच गाठून म्हणाला, "आई, रक्ताचा साठा नाही. पुढच्या गुरुवारी या."

"पुढच्या? म्हणजे या आठवड्यातल्या?"

"नाही, त्याच्या पुढच्या."

आईनं पोरीकडे बघितलं. पोरीचे ओठ तेव्हाच पांढुरके दिसत होते. "दहा दिवस निघतील का, डॉक्टर?"

"निघतील की! मी सांगतो ना. काळजी करू नका," टॉपर म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वॉर्डाच्या सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन मागेच उभ्या होत्या. मायलेकी गेल्यावर त्या म्हणाल्या, "साठा नाही? कालच त्या गटाच्या चार पिशव्या आल्यात. मी सही करून घेतल्यात." टॉपर म्हणाला, "सरांनी सांगितलंय." सिस्टरांनी ट्रे असा काही आपटला की वाट्या उडाल्या. पण त्याही गप्पच बसल्या. सरांनी सांगितलंय म्हटलं की त्या इमारतीत सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

गुरुवार उजाडला. मास्तरीण आली ती आईच्या कडेवर. नऊ वर्षांची घोडी कडेवर! दोन जिने चढताना मध्येच खाली बसली म्हणे. खाटेवर टेकली तेव्हा धाप लागलेली, नखं कागदासारखी. सरांनी लांबूनच बघितलं आणि खूश झाले. "वा, वा. हे बघा, असं दिसलं पाहिजे."

कुणाला कुठली केस, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. टॉपरच्या चिठ्ठीचा कोपरा आधीच दुमडलेला होता, तेव्हा त्याच्या नशिबात मास्तरीण आली यात नशिबाचा काही दोष नाही. तो खाटेपाशी गेला, तिच्या पोटाला हात लावला आणि वाट बघत राहिला, की आता ही म्हणणार, हात गार आहेत. तिनं नुसते डोळे मिटून घेतले. मनगट धरलं तर नाडी धावत होती. मोजली तर मिनिटाला एकशे चाळीस. पण घड्याळ चालू होतं, केसचा कागद पुरा करायचा होता, आणि त्यानं पुरा केला.

त्या कागदाची एक गंमत सांगायला हवी. आजाराच्या इतिहासाच्या रकान्यात शेवटी एक वाक्य सगळे विद्यार्थी डोळे झाकून लिहायचे: 'पालकांच्या हयगयीमुळे उपचार अनियमित.' वरच्या वर्गानं खालच्या वर्गाला शिकवलेलं. त्या वाक्यानं कागद भरल्यासारखा दिसतो, विभागाला बोल लागत नाही, आणि पालक काही तो कागद वाचत नाहीत. टॉपरनं सवयीनं तेच खरडलं. शपथेवर सांगतो, लिहिताना त्याच्या मनात त्या बाईविषयी वाईटसाईट काही नव्हतं. मनात काहीच नव्हतं, हीच तर खरी बोंब.

बाहेरच्या परीक्षक बाई आल्या, केस पिकलेल्या, आवाज खणखणीत. बाजूला सर. उशाशी आई, पोरीचा हात हातात धरून. टॉपर पोपटासारखा बोलत सुटला आणि बाई माना डोलावत राहिल्या. प्लीहा सहा सेंटिमीटर, बरोबर. कपाळाचं हाड पुढे आलेलं, बरोबर.

"हिमोग्लोबिन?"

"चार पूर्णांक आठ."

बाईंची मान थांबली. "मागचं रक्त कधी दिलं?"

"एकतीस दिवसांपूर्वी."

"तीन आठवड्यांनी द्यायचं ना? मग का नाही दिलं?"

साधा प्रश्न. टॉपरनं सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. साठा नाही म्हणावं, तर सरांनी सकाळीच बजावलेलं, की विभागाची मान्यता तपासायला माणसं यायची आहेत, तुटवड्याचा शब्द तोंडातून निघता कामा नये. खरं सांगावं, तर पदक गेलं, आणि पदकाबरोबर पुढची सगळी वर्षं गेली. हातातल्या कागदावर उत्तर तयारच होतं. त्यानं ते वाचलं.

"पालकांची हयगय, मॅडम."

आईनं मान वर केली. डोळ्यांना पदर-बिदर लावला नाही, काही नाही. नुसतं बघितलं त्याच्याकडे. मास्तरणीनं डोळे उघडले. "आई आली होती," ती धापा टाकत म्हणाली. "ह्या दादानंच—"

"गप," आई म्हणाली. तिनं पोरीचा हात घट्ट दाबला.

परीक्षक बाई आईकडे वळल्या. "काय हो, तारखेला आणलं नाहीत हिला?"

आता बघा. आईच्या पिशवीत तारखांचं कार्ड होतं. इतक्या वर्षांचे शिक्के, एकाखाली एक, आणि त्या सोमवारी दारावरच्या शिपायानं मारलेला हजेरीचा शिक्कासुद्धा. कार्डाचा कोपरा पिशवीबाहेर आलेला टॉपरला दिसला. आता आई हे काढून तोंडावर फेकणार, म्हणून त्यानं हातातला कागद घट्ट धरला. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटलं, फेक. फेक एकदाचं, म्हणजे सुटेन.

आईनं ते कार्ड बोटानं आत सारलं.

"माझंच चुकलं, मॅडम," ती म्हणाली. "शिवणाची घाई होती. राहून गेलं."

पाच मिनिटं बाईंनी तिला झापलं. पोटच्या पोरीपेक्षा शिवण मोठं का, तुमच्यासारख्या आयांमुळे आमच्या हातची मुलं जातात, वगैरे. आई प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणत होती. ती काही भोळी नव्हती, आणि टॉपरवर तिची माया तर मुळीच नव्हती. परीक्षक बाई संध्याकाळच्या गाडीनं निघून जाणार होत्या. तिला मात्र दर तीन आठवड्यांनी ह्याच दारात, ह्याच माणसांपुढे उभं राहायचं होतं, पोरगी जगेल तितकी वर्षं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो? टॉपरला हे तिथल्या तिथे कळलं, आणि त्याची त्यालाच शिसारी आली.

परीक्षा संपली. टॉपर सरांच्या खोलीकडे निघाला. बाईंना सांगून टाकायचं, मग जे व्हायचं ते होवो, असं त्यानं जिन्यात ठरवलं. कधी नव्हे ते पाठ न करता ठरवलं. दार अर्धवट उघडं होतं. आत चहा चालला होता.

"केसेस मात्र झकास जमवल्यात हं तुम्ही," परीक्षक बाई म्हणत होत्या. "आमच्याकडे हल्ली इतकं फिकट मूल मिळत नाही. आम्ही रक्त आठवडाभरच थांबवतो. तुम्ही दहा दिवस थांबवलंत वाटतं?"

सर मनमोकळं हसले. मग त्यांची नजर दाराकडे गेली. "ये, ये. अरे, ब्याण्णव मार्क दिलेत मॅडमनी तुला! आणि हे बघ, दोन-तीन जण नापास होतीलच, त्यांची परीक्षा महिन्यानं. ती पोरगी राखून ठेव. तारीख आठवडाभर पुढची दे."

टॉपर "हो" म्हणाला नाही. "नाही"ही म्हणाला नाही. तसाच मागे फिरला.

वॉर्डात पिशवी लागली होती. सिस्टरांनी कुणाच्या सहीची वाट न बघता लावली होती, आणि आता कुणी विचारून तर बघावं, अशा तोऱ्यात त्या शेजारी उभ्या होत्या. मास्तरीण झोपली होती. ओठांवर थोडा रंग दिसायला लागला होता. आई उशाशी बसून कार्डाच्या घड्या सरळ करत होती.

टॉपरनं हात जोडले. माफी मागायची होती, पण माफीची वाक्यं कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हती. "आई, मी..." एवढंच म्हणाला.

आईनं कार्ड पुढे केलं. "पुढची तारीख लिहा, डॉक्टर."

त्यानं कॅलेंडर बघितलं, बोटानं तीन आठवडे मोजले आणि त्याच गुरुवारची तारीख लिहिली. आठवडाभर पुढची नाही.

"ह्या दिवशी या," तो म्हणाला. "कुणी काही सांगितलं तरी परत जाऊ नका. मी असेन दारात. रक्त मिळेल. मी सांगतो ना."

आईनं तारीख वाचली, कार्ड पिशवीत ठेवलं, पिशवीची चेन लावली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"मागच्या वेळी पण तुम्हीच होतात दारात," ती म्हणाली.