व्हॅसंटीने चोरलेले एकवीस बेस

पद्माकररावांना चिडवायचं, एवढाच माझा हेतू होता. त्यात प्रज्ञेशचा बळी जाईल असं वाटलं असतं तर मी गप्प बसले असते. निदान तसं मला आज वाटतं.

दोन हजार वीसचा ऑगस्ट. मेलबर्न कडकडीत बंद. दिवसाला एक तास फिरायला मुभा, तीही घरापासून पाच किलोमीटरच्या आत. मी शहराच्या टोकाला वेरिबीत एकटी, मुलगी पर्थला आणि मधल्या सीमा बंद. दिवसभरात माझ्याशी बोलणारं असं एकच काही होतं: ‘मराठी बेसबॉल डाउन अंडर’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सोळा माणसं. अमेरिकेतले सामने आपल्याकडे सकाळी दिसत. उघड्या लॅपटॉपसमोर नाश्ता आणि हातात फोन, असे सगळे बसत.

मला त्या ग्रुपात आणलं प्रज्ञेशने. हा नागपूरचा मुलगा क्लेटनला युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकायला आला आणि इथलाच झाला. आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसाला शेकडो स्वॅब तपासत होता. शिफ्ट संपली की फोन करून मला आकडे समजावायचा. त्या वर्षी मोसम उशिरा, जुलैअखेर सुरू झाला आणि एकशे बासष्टऐवजी साठच सामने ठरले. दहा सामने झाले तोच ग्रुपवर लोकांनी कोण महान, कोण संपला हे ठरवून टाकलं.

“मावशी, दहा मॅचचा आकडा म्हणजे पहिल्या चाचणी परीक्षेचे मार्क,” प्रज्ञेश म्हणाला. “वार्षिकला कोण कुठे जाईल, त्यावरून काही कळत नाही.”

पण पद्माकररावांना सगळं कळायचं. ते सिडनीकडच्या कॅसल हिलचे, ग्रुपचे अ‍ॅडमिन, वय अडुसष्ट. त्र्याऐंशी साली कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं शिकागोला होते, आणि कुठल्याही जुन्या खेळाडूचं नाव निघालं की त्यांचा निरोप यायचाच, “याला मी प्रत्यक्ष पाहिलंय.” मला ते चित्राताई म्हणत आणि रन म्हणजे काय हे दर आठवड्याला नव्याने समजावत.

मी चौऱ्याहत्तर साली अमरावतीला कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात होते. हे मी ग्रुपवर कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही केलंच नव्हतं. मी उजव्या कोपऱ्यात उभी असायचे. तिथे चेंडूपेक्षा गाई जास्त यायच्या. खेळायची ती वासंती. पिचरच्या हातातून चेंडू सुटला रे सुटला की ही पुढच्या बेसवर पोचलेली. बेस चोरणं म्हणतात ते हेच, आणि त्यात तिच्यासारखी चोर मी पाहिली नाही. आंतरकॉलेज स्पर्धेच्या बाद फेरीच्या आठवडाभर आधी तिचं लग्न ठरलं आणि ती संघातून गेली.

एका सकाळी पद्माकररावांनी मला चौथ्यांदा रन समजावली. माझा चहा थंड झाला आणि डोकं तापलं. मी लिहिलं:

“पद्माकरराव, शिकागोचा तो विक व्हॅसंटी आठवतो? त्र्याऐंशीच्या सुरुवातीला नऊ सामन्यांत एकवीस बेस चोरले होते. प्लेऑफच्या आधी अचानक संघ सोडला. का, ते कळलंच नाही.”

मिनिटभरात उत्तर. “वा, चित्राताई! व्हॅसंटी! त्याचं चीज झालं नाही. मी प्रत्यक्ष पाहिलंय. गुडघा गेला त्याचा. तेव्हा पेपरात आलं होतं.”

पाठोपाठ सिडनीच्या कौमुदीने लिहिलं, “माझ्या बाबांचा फेव्हरिट!” आणखी दोघांनी अंगठे दाखवले. मी एकटीच स्वयंपाकघरात इतकी हसले की ठसका लागला. त्या दिवसांत ठसका लागला की आपण आपल्यालाच घाबरायचो.

पुढे पद्माकररावांनी जाहीर केलं की प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, सामने झूमवर एकत्र बघायचे, पण सोळा जणांचा कलकलाट नको. वीस प्रश्नांची परीक्षा होईल आणि पहिल्या आठांनाच लिंक मिळेल. त्या वर्षी खुद्द अमेरिकेत प्लेऑफला सोळा संघ घेणार होते. यांनी मात्र आठच घेतले.

मी शाळेच्या परीक्षेला केला नसेल एवढा अभ्यास केला. त्या झूममधून बाहेर राहिले तर अख्खा ऑक्टोबर भिंतीशी बोलत काढावा लागणार, हे मला दिसत होतं.

रविवारी फॉर्म उघडला. सतरावा प्रश्न: ‘१९८३ च्या मोसमात पहिल्या नऊ सामन्यांत एकवीस बेस कोणी चोरले?’

माझा हात थांबला. मग मी ‘विक व्हॅसंटी’ लिहून मोकळी झाले. दुसरं काय लिहिणार?

निकाल आला. मी चौदा गुण, आठवी. प्रज्ञेश तेरा गुण, नववा.

त्याचा फोन आला. मी आधीच म्हटलं, “अरे, तू नववा कसा?”

“सतराव्याला मी ‘असा कोणी नाही’ लिहिलं. सगळ्या याद्या पाहिल्या होत्या मी, मावशी. व्हॅसंटी नावाचा माणूस बेसबॉलमध्ये जन्मलेलाच नाही.” मग म्हणाला, “ही पुडी तुम्हीच सोडली ना?”

“हो.”

तो मोठ्याने हसला. “भारी आहे! राहू द्या आता. तुम्ही बसा प्लेऑफला. मला तशाही शिफ्ट आहेतच.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला बेसबॉल शिकवला त्यानेच, आणि खरं उत्तर लिहिलं म्हणून बाहेर बसणार तोच. मी लगेच कॅसल हिलला फोन लावला.

“पद्माकरराव, तुमचा तो व्हॅसंटी दिसायला कसा होता हो?”

“उंच. इटालियन. आणि मिशा! काय मिशा होत्या!”

“मिशा नव्हत्या. दोन वेण्या होत्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिचं नाव वासंती. अमरावतीची, माझ्या संघातली. तुमचा विक मी चहा पिता पिता तयार केला.”



“चित्राताई,” ते हळूच म्हणाले, “मग ते एकवीस बेसही खोटेच?”

“तेवढेच काय ते खरे. खरं तर तेवीस होते. तुम्हाला पटावं म्हणून दोन कमी केले.”

“आता काय करायचं?”

“निकाल दुरुस्त करायचा. ‘असा कोणी नाही’ हेच बरोबर. प्रज्ञेशचे चौदा, माझे तेरा. तो आत, मी बाहेर.”

“अहो, पण ग्रुपवर काय सांगू? मी तर पाहिलाय म्हणालो...”

“तुम्ही नका सांगू. मी सांगते. मिशांचं नाही काढत.”

मी ग्रुपवर सरळ लिहिलं की व्हॅसंटी मी बनवला, सतराव्या प्रश्नाचं खरं उत्तर एकट्या प्रज्ञेशने दिलं, आणि ज्यांनी व्हॅसंटी लिहिलं त्या सगळ्यांचा माझ्यासकट एकेक गुण जावा. असे निघाले सहा जण. कौमुदीने लिहिलं, “मावशी!! मी बाबांच्या नावावर ढकललं हो!” एकाने तर विकिपीडियावर व्हॅसंटीचं पान अर्धं लिहून ठेवलं होतं, ते पुसलं.

नवी यादी लागली. प्रज्ञेश आत. मी नववी. मी फोन उलटा ठेवला आणि माझ्या वाट्याचा एक तास फिरून आले.

परत येऊन पाहते तर पद्माकररावांचा लांबलचक निरोप. ‘नियम म्हणजे नियम, आठ म्हणजे आठ. मात्र खोटा खेळाडू आपल्या सर्वांच्या गळी उतरवण्याइतकी आकडेवारी ज्यांना कळते, त्यांना परीक्षेला बसवणं हीच अ‍ॅडमिनची चूक होती. यापुढे पेपर चित्राताई काढतील. परीक्षक या नात्याने प्लेऑफची लिंक त्यांना पाठवली आहे.’

खाली प्रज्ञेश: “नो वरीज, मावशी. आता माझं काही खरं नाही.”

त्याच्या खाली कौमुदी: “मावशी, प्लीज, प्रत्येक प्रश्नाला ‘असा कोणी नाही’ हा पर्याय ठेवाल ना?”

“ठेवीन की,” मी लिहिलं, आणि वहीचं कोरं पान काढून पहिला प्रश्न रचायला बसले. पद्माकररावांनी प्रत्यक्ष न पाहिलेला एखादा खेळाडू सुचायला मात्र बराच वेळ लागला.