गरम मोटर

जुन्या मशीनसाठी दोन कारखाने पालथे घालून थोरलीचे पाय भरून आले होते. वडील गेल्यावर महिन्याभरात त्यांच्या रंध्याच्या मशीनचा दांडा मोडला, आणि मशीनवाचून एक फळी सपाट होईना. इथेही नाही जमलं तर वडिलांच्या कारखान्याचं शटर कायमचं ओढायचं, असं तिने आईला सांगून ठेवलं होतं.

"उरक गं लवकर," वडिलांचे भागीदार मिस्त्रीकाका म्हणाले. "माझ्या कमरेने कधीच राजीनामा दिलाय."

मशीन विकणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांचे यजमान सुतार; ते गेल्यापासून काम बंद. काकांनी पाती पाहिली, पट्टा चाचपला, टेबलावर पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहिलं. सगळं ठीक होतं. थोरलीने मोटरवर तळहात ठेवला. गिऱ्हाईक यायच्या आत मशीन फिरवून ठेवली की बेअरिंगची कुरकुर लपते, हे वडिलांनी तिला शिकवलं होतं.

मोटर गरम होती.

"काका, चला." रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"अहो, काय झालं?"

काकांनी भीडभाड ठेवली नाही. "आधीच चालवून ठेवलीत ना, वहिनी? आम्ही काय दुधखुळे वाटलो?"

"रोजच चालवते," बाई म्हणाल्या. "त्यांची सुरू करायची वेळ झाली की. नुसती फिरते बिचारी. आवाज नसला की घर खायला उठतं."

थोरलीने वाकून पाहिलं. मशीनखालचा भुसा जुना, काळवंडलेला. त्यावर कोळ्याचं जाळं. लाकडाची ताजी ढलपी एकही नाही.

"उद्या येतो," ती हळू आवाजात म्हणाली. "तेवढी उद्या चालू करू नका. थंड असताना ऐकायला हवी."

बाई बटणाकडे बघत राहिल्या. "मला नाही जमायचं ते. न्यायची तर आजच न्या."

"न ऐकता?" काका कुजबुजले. "तुझ्या बापाने मला उभा चिरला असता."

"माहितीय, काका. टेम्पोवाल्याला फोन करा."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. पिन बाईंनीच काढली, वायर गुंडाळून मशीनवर ठेवली.

"वाजलं काही, तर सांगा हं."

"वाजलं तर बेअरिंग बदलू," थोरली म्हणाली.

"बदलू म्हणे," काका कमरेवर हात ठेवत पुटपुटले. "आधी हे धूड उचलणार कोण?"

थोरलीने बाह्या सरसावल्या. बाईंनी दुसरी बाजू धरली.