भरीव पोपट

सोनाराच्या पारखेला तोड नव्हती. साखळी तळहातावर घेतली, की भरीव आहे की पोकळ, हे तो डोळे मिटून सांगे. त्यामुळे मुलगी लग्न होऊन लांब गेली, घर मुकं झालं आणि सोनारीण म्हणाली, "अहो, एक छोटा पोपट आणू या, तेवढाच घरात आवाज," तेव्हा तो निवडायचा कुणी, हा प्रश्न उठलाच नाही. निदान सोनाराच्या मनात तरी.

पाखरांच्या दुकानात एका पिंजऱ्यात वीसेक पोपट कलकलत होते, मुठीत मावतील एवढेसे. सोनारिणीचा जीव एका पिवळ्यावर जडला. तो छताला उलटा लटकून शेजाऱ्याची शेपटी ओढत होता, आणि वर त्यालाच रागावत होता.

"हा घेऊ या. बघा तरी, किती गोड भांडतोय!"

"छे, अगदीच उठवळ. त्यापेक्षा कोपऱ्यातला तो हिरवा बघ. मखमलीवर मांडल्यासारखा बसलाय. आणि अंगानं किती भरलेला! भरीव माल म्हणतात तो हा."

हिरवा पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसला होता.

"झोपलाय तो," सोनारीण म्हणाली.

"विचार करतोय."

दुकानदारानं काही सांगायला तोंड उघडलं होतं. पण एवढा मोठा पारखी बोलतोय म्हटल्यावर त्यानं ते पुन्हा मिटलं.

हिरवा घरी आला आणि विचारच करत राहिला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सोनारीण पिंजऱ्यापुढे बसून गुणगुणायची,

"दाणा घे रे राजा, पाणी पी रे राजा,
तुझ्याविना मुका मुका दिवस माझा."

राजा दाणा उचलायचा, टरफल सोलायचा आणि आतला दाणाही टाकून द्यायचा. चौथ्या दिवशी दोघं त्याला घेऊन पाखरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी त्याच्या छातीवर हलकीशी फुंकर घातली. पिसं बाजूला झाली आणि खाली सुरीच्या धारेसारखं हाड दिसलं.

"काका, हा लठ्ठ नाही हो. थंडी वाजतेय म्हणून फुगून बसलाय. आजारी पाखरू असंच बसतं. आत काही उरलेलं नाही."

"म्हणजे... पोकळ?"

"अगदी."

सोनारीण काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं सोनाराला वाटलं.

बाईंनी थेंब दिले. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला दिवा लावा, म्हणजे ऊब नको झाली की त्याला सरकता येईल, असं सांगितलं. भिजवलेले राळे द्या, वारा लागू देऊ नका. "आणि रोज सकाळी, खाण्याआधी, वजन करा. स्वयंपाकघरातला काटा नाही चालायचा, ग्रॅम न् ग्रॅम कळला पाहिजे. आज अठ्ठावीस भरलाय. पस्तीस हवा. पंचविसाच्या खाली गेला तर..."

काटा म्हटल्यावर सोनाराच्या जिवात जीव आला. निदान हे तरी आपल्या हातातलं!

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडलं की पहिलं काम हेच. हाराच्या रिकाम्या डबीत, निळ्या मखमलीवर राजाची स्थापना व्हायची, डबी काचेच्या पेटीतल्या काट्यावर जायची, डबीचं वजन वजा व्हायचं. सोनारीण घराकडच्या दारात पदर धरून उभी. कानातलं दुरुस्तीला घेऊन आलेली एक बाई पेटीत वाकून म्हणाली, "हे डिझाइन नवीन दिसतंय."

"विकायचं नाही," सोनार म्हणाला. "दुरुस्तीला आलंय."

अठ्ठावीस. अठ्ठावीस. पुन्हा अठ्ठावीस. आणि चौथ्या सकाळी काटा सव्विसावर थांबला.

सोनारानं आकड्यावर तळहात ठेवला. दारातून आवाज आला, "किती हो?"

उमेदवारीच्या दिवसांपासून त्याच्या तोंडून कुणी चुकीचं वजन ऐकलं नव्हतं.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "जैसे थे."

सोनारीण हसून आत गेली. तिचं ते हसू त्याला दिवसभर टोचत राहिलं. दुपारी त्यानं दुकानाला कुलूप लावलं, हिरे बसवायचा चिमटा घेतला, आणि संध्याकाळपर्यंत राळ्याचा एकेक मऊ दाणा राजाच्या चोचीपुढे धरत बसला. पहिले चाळीस दाणे राजानं नाकारले. एक्केचाळिसावा खाल्ला. मग आणखी एक. मग चिमटाच चोचीत धरून ठेवला.

पाचव्या सकाळी काट्यानं सत्तावीस दाखवले. सोनार जागच्या जागी नाचायचाच बाकी राहिला. एक ग्रॅम वाढला!

"किती हो?"

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. सत्तावीस म्हणावं तर हिच्या हिशेबी एक घटला. एकोणतीस म्हणावं तर हे दोन ग्रॅम जन्मभर मानेवर वागवायचे. चेहरा मात्र लबाडी करायला तयार होईना, तो हसतच राहिला.

"सत्तावीस," त्यानं शेवटी सांगून टाकलं.

"घटला आणि हसताय?"

"घटला नाही गं, वाढलाय. काल... काल सव्वीस होता."

सोनारीण पायऱ्या उतरून दुकानात आली. "लोकांना गुंजभर कमी देत नाही म्हणून मिरवता, आणि माझ्या पदरात खोटं माप? अहो, मी काय गिऱ्हाईक आहे? जीव जात असता तर तोही लपवला असता तुम्ही! आणि घ्यायला मी पिवळा सांगत होते ना? सांगत होते की नाही?"

डबीतून कर्कश किंकाळी आली.

दोघं दचकली. राजा मखमलीवर ताठ उभा होता, पिसं अंगाशी घट्ट चापून, एखाद्या काडीएवढा. सोनारानं हात पुढे केला, तर त्यानं अंगठ्यात चोच अशी रुतवली की रक्ताचा थेंब आला.

"बोलला," सोनार पुटपुटला. "अगं, तू रागावलीस, म्हणून बोलला."

"मी अजून रागावलेलीच आहे!" सोनारीण कडाडली.

डबीतून त्याहून कडक उत्तर आलं.

मग काय विचारता! सोनारिणीनं नवऱ्याला भरभरून, मनापासून सुनावलं, थेट लग्नातल्या रुसव्यापासून. आणि तिच्या प्रत्येक वाक्याला हिरव्यानं झील धरली. दाराशी गिऱ्हाईक येऊन थबकलं, तर त्याला हातानंच थांबवून, अंगठा तोंडात धरून, सोनार बायकोला म्हणत होता, "आणखी बोल गं. थांबू नकोस, आणखी बोल."